मैदा नाही हो त्यात!

गुहागरात वरच्या पाटात जा नाहीतर खालच्या, आळीत असं एक तरी घर असतंच. पडवीतल्या झोपाळ्यावर तुम्ही टेकता न टेकता तोच समोर बशी येते. बशीत सहा-सात बिस्किटं. रंग सारवलेल्या अंगणाचा, आकार ज्याचा त्याचा वेगळा. चहा अजून उकळतोय, पण प्रश्न आधी येतो.

"ओळखा बघू, कशाची आहेत?"

सभ्य पाहुणा "गाजर" म्हणतो. जरा धीट असेल तर "फणस" म्हणतो. ठाण्याहून आलेला एखादा "ओट्स" म्हणून स्वतःची शोभा करून घेतो. रताळं कोणीच म्हणत नाही, आणि तेच तर काकूंना हवं असतं. एखाद्याने चुकून ओळखलंच, तर त्यांचा चेहरा पडतो. त्याला दुसऱ्यांदा बशी मिळायला वेळ लागतो.

रताळ्याच्या बिस्किटांच्या काकू साधारण पंचावन्न ते सत्तर या वयात आढळतात. मुलं डोंबिवलीला किंवा पुण्याला, घरात काका, आगरात नारळ-पोफळी, आणि ओट्यावर मुलीने आणून दिलेला ओव्हन. "आईला तेवढाच विरंगुळा" म्हणून तो आलेला असतो. आईने त्याचं व्रत केलं, याची मुलीला कल्पना मे महिन्यात माहेरी आल्यावर येते.

काकूंचं बोलणं नकारांनी सुरू होतं. मैदा नाही हो त्यात. साखर नाही. अंडं नाही. डालडा तर नाहीच नाही. एवढ्या नाहींनंतर पाहुण्याला वाटतं, मग आहे काय? आहे ते रताळं, कणीक, थोडी नाचणी, कोल्हापुरी गूळ आणि तूप. तुपाचं प्रमाण विचारू नये. ते घरचं असतं, आणि घरचं ते मोजत नाहीत. काका एकदा "वाटीभर तरी असेल" म्हणाले होते. त्या दिवशी त्यांना काळा चहा मिळाला.

रताळं येतं चिपळूणच्या बाजारातून, तिथे येतं कुंभार्ली घाट उतरून. महाशिवरात्रीच्या आधी त्याचा भाव चढतो. व्याडेश्वराच्या, म्हणजे शंकराच्या, गावात त्या दिवशी रताळ्याशिवाय उपवास म्हणजे काय? काकू तेव्हा घासाघीस करून पाच किलो घेतात. भाजीवाला विचारतो, "एवढी कशाला?" काकूंना तेच हवं असतं. भाजीवाल्यालाही ओळखायला लावतात.

आता उपवासाचं आलंच आहे तर तेही सांगून टाकू. काकूंकडे एकादशीची वेगळी बिस्किटं असतात, राजगिऱ्याच्या पिठाची. त्यावरून आळीत वाद झाला. बेकिंग पावडर उपवासाला चालते का? शेजारच्या वहिनींचं म्हणणं, चालत नाही. काकूंचं म्हणणं, मीठ चालतं तर सोड्याने काय घोडं मारलंय? शेवटी प्रश्न गुरुजींकडे गेला. गुरुजी म्हणाले, "आधी चार पाठवून द्या, मग सांगतो." चार गेली. निर्णय अजून आलेला नाही. पुढच्या एकादशीलाही चार जातात.

खरं तर त्या बिस्किटातला सोडा हाच सगळ्यात निरुपद्रवी पाहुणा. रताळं मूळचं अमेरिका खंडातलं; पोर्तुगिजांच्या जहाजांतून ते इकडे आलं असं मानतात. राजगिरा तिकडचाच. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा ब्राझीलकडचा. बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळी मंडळी समुद्रापलीकडची. आपल्या एकादशीच्या ताटात कोलंबसाच्या आधीचं शोधायला गेलं तर वरी, शिंगाडा, दही-तूप असं थोडकंच हाती लागेल. काकूंना हे कोणी सांगितलं, तर त्या म्हणतात, "आले असतील. आता इथलेच झाले ना?" याला उत्तर नाही.

बिस्किटाचं सोवळं मात्र इतक्या सहज सुटलेलं नव्हतं. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी जमली असताना पुढे चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसती समोर ठेवली. गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपाची आणि बशीची केवढी ही किंमत! आज व्याडेश्वराला कुलदैवत मानणारी चित्पावन घराणी गुहागरला दर्शनाला येतात, आणि आळीतल्या काकू त्यांना आग्रहाने बिस्किटं खाऊ घालतात. वर म्हणतात, "प्रसादच समजा."

काकू आरंभापासून निष्णात होत्या असं कोणी समजू नये. पहिला घाणा त्यांनी कुकरला रताळी उकडून केला. शंभर ग्रॅम कच्च्या रताळ्यात पाऊणशे ग्रॅमच्या वर पाणी असतं. त्यात उकडताना आणखी भर, त्यात गूळ, त्यात गुहागरची हवा. बिस्किटं झाली ती पुरणासारखी. "खुसखुशीत आहेत," काका म्हणाले, कारण काळ्या चहाची आठवण ताजी होती. दुसऱ्या वेळी त्यांनी सोडा सढळ हाताने घातला आणि बिस्किटं हिरवट निघाली. रताळ्यातलं एक द्रव्य सोड्याच्या संगतीत हिरवं पडतं. हे काकूंना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी वेळ मारून नेली. पाहुण्यांना सांगितलं, "पुदिना आहे."

तिसऱ्या खेपेला शहाणपण आलं ते न्हाणीतून. मागीलदारी पाणी तापवायच्या चुलीच्या राखेत काकूंच्या सासूबाई फणसाच्या आठळ्या भाजत, रताळीही भाजत. ती रताळी कुकरच्या रताळ्यांपेक्षा गोड लागत, हे काकूंना आठवलं. त्याचं कारणही आहे. रताळं हळूहळू तापतं तेव्हा साठ ते पंचाहत्तर अंशांच्या आसपास त्यातली पाचकद्रव्यं पिष्टाची साखर करत राहतात. कुकर एवढी सवड देत नाही. शिट्टी झाली की साखरेचा कारखाना बंद. राखेतल्या रताळ्यात पाणीही कमी आणि गोडी जास्त. मग गूळ निम्मा पुरतो. वाचलेल्या गुळाची भरपाई काकू तुपात करतात, ही गोष्ट वेगळी.

पण कुरकुरीतपणा काही येईना. त्याला काकूंच्या बहिणीच्या मुलाने, तो पुण्यात काहीतरी शिकतो, फोनवरून तोड सांगितली. बिस्किट या शब्दाचा मूळ अर्थच 'दोनदा भाजलेलं'. काकूंनी त्या दिवसापासून घाणा दोनदा भाजायला घेतला, दुसऱ्यांदा मंद आचेवर. बिस्किटं अशी कडक झाली की काकांची कवळी चहाच्या कपाशेजारी विश्रांती घेऊ लागली. श्रावणात मात्र दोनदा भाजा नाहीतर चारदा, डब्याचं झाकण उघडलं की दहा मिनिटांत ती पुन्हा मऊ. काकूंचं यावरही उत्तर तयार आहे. "पावसाळ्यात मऊच करायची असतात."

त्याच मुलाने त्यांना आणखी एक बातमी दिली, ती जरा महागात पडली. नारिंगी गराचं, 'अ' जीवनसत्त्व देणारं रताळं लोकांपर्यंत नेणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आफ्रिकेत रवांडात रताळ्याच्या लगद्याची 'आकाराबो' नावाची बिस्किटं बाजारात आली. झालं. आता काकू प्रत्येक पाहुण्याला रवांडा सांगतात. "मी करतेय तेच तिकडे कारखान्यात करतात." आपल्या बाजारातलं रताळं बाहेरून लाल आणि आतून पांढरं, त्यात नारिंगी रताळ्याचा गुण कुठून येणार? काकूंनी त्यावर चिमूटभर हळद शोधून काढली. रंग तरी आला.

ओव्हनचं आणि विजेचं मात्र कधी जमलं नाही. याच तालुक्यात अंजनवेलला एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला, १९९९ साली त्यातून वीज निघू लागली, २००१ साली ती थांबली, पुढे २००५ साली नव्या कंपनीने तो हाती घेतला. एवढा इतिहास डोक्यावर घेऊनही झावळ तारेवर पडली की वरचा पाट अंधारात जातो, आणि ती नेमकी घाणा आत असताना पडते. काकू तेव्हा डगमगत नाहीत. ओव्हनमधला ट्रे काढतात, बिस्किटं पातेल्यात लावतात, खाली निखारे, झाकणावर निखारे. तवशाचं धोंडस कोकणात असंच भाजत आले आहेत. त्या घाण्याला धुराचा जो वास लागतो, त्याची चव ओव्हनच्या बिस्किटांना नाही, असं या लेखकाचं खाऊन झालेलं मत आहे. काकूंना ते सांगू नये. ओव्हन मुलीने दिलेला आहे.

गावात घराघरांत पर्यटक उतरायला लागल्यापासून काकूंनी फाटकावर पाटी लावली आहे: कोकम, आंबापोळी, फणसपोळी, रताळ्याची बिस्किटं. धंदा कसा चालतो म्हणाल, तर पर्यटक पाव किलो मागतो, काकू वजनात अर्धा किलो टाकतात, "मुलांना वाटेत खायला" म्हणून वर चार देतात आणि पैसे घेताना लाजतात. हिशेब काका ठेवतात. वही अजून पहिल्याच पानावर आहे.

संध्याकाळी काकू समुद्रावर जातात. सुरूच्या बनापलीकडे वाळूत मर्यादवेल पसरलेली असते, जांभळी फुलं, बकरीच्या खुरासारखी दुभंगलेली पानं. ही वेल रताळ्याची सख्खी चुलत बहीण, एकाच कुळातली, एकाच जातकुळीची. बटाट्याशी रताळ्याचं जवळचं नातं नाही, या वेलीशी आहे. हे ऐकल्यापासून काकू येता-जाता तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने बघतात. काकांना धास्ती वाटते ती त्या नजरेची.

तुम्ही गुहागरला गेलात आणि येताना हातात बिस्किटांचा डबा पडला, तर एवढंच करा. डबा स्टीलचा असेल, त्यावर काकूंचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली असेल. तो परत पाठवा. रिकामा पाठवू नये म्हणतात, तेव्हा त्यात काहीही घाला. पुड्यातली बिस्किटं तेवढी घालू नका.