नावापुरता चहा

चहाच्या चवीची बिस्किटं घरी भाजायची टूम आता आपल्याकडेही बऱ्यापैकी रुळली आहे. (तीच जरा जाड झाली आणि पाहुण्यांपुढे मोजून ठेवली की त्यांना कुकीज म्हणायचं.) कृती ऐकायला सोपी असते. मैदा, लोणी, पिठीसाखर आणि वर दोन चमचे चहा पावडर. निकाल मात्र पुष्कळ घरांत एकसारखाच लागतो. दाताखाली कचकच होते, जीभ कच्च्या सुपारीने ओढावी तशी ओढली जाते आणि चहाचा सुगंध म्हणाल, तर तो ओव्हनने परस्पर पिऊन टाकलेला असतो. मग दोष भाजणाऱ्याच्या हाताला, ओव्हनला, फारच झालं तर मैद्याच्या ब्रँडला दिला जातो. माझं म्हणणं असं की यात यांपैकी कोणाचाच दोष नाही. चहाच्या चवीच्या बिस्किटात चहा असलाच पाहिजे, ही अपेक्षाच मुळात खोटी आहे, कारण आपण जिला चहाची चव म्हणतो ती बहुतांशी चहाची नसतेच.

पुरावा म्हणून आपला रोजचा कप घ्या. आपल्या डब्यातला चहा बहुधा सीटीसी असतो, म्हणजे पानं चिरडून, फाडून, वळवून केलेल्या बारीक गोळ्या. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामच्या मळ्यांत निघाली. रंग आणि कडकपणा झटपट उतरावा हा तिचा हेतू, सुगंध हा जमलं तर. त्यातून आपण चहा ‘करतो’ म्हणजे उकळतो. जो काही नाजूक वास पत्तीत असेल तो वाफेबरोबर खिडकीतून शेजाऱ्यांकडे जातो आणि भांड्यात उरतो तुरटपणा. त्या तुरटपणाला दुधातलं केसिन धरून ठेवतं, साखर त्याची समजूत घालते आणि उरलेली अब्रू आलं-वेलदोडा झाकतात. अमृततुल्याच्या दुकानात पितळी पातेल्याभोवती जो घमघमाट सुटतो, त्यात पत्तीचा वाटा विचाराल तर वरातीतल्या नवरदेवाइतका. सगळं त्याच्या नावाने चाललेलं असतं, पण गाणारे-नाचणारे दुसरेच. आता हीच पत्ती दूध-पाण्यावाचून मैद्यात मळली की तिला फुगायला ओल मिळत नाही, म्हणून कचकच. तुरटपणा धरायला दूध नाही, म्हणून जिभेची ओढाताण. आणि वर चिमूटभर सोडा पडला असेल तर चहाचा रंग क्षाराने आणखी काळवंडतो. बिस्किटाला पावसाळ्यातल्या भिंतीची कळा येते ती अशी.

इंग्रजांचं तरी काय वेगळं आहे? त्यांच्या चहाच्या बिस्किटांत हमखास अर्ल ग्रे असतो आणि ती बिस्किटं फसत नाहीत, हे कबूल करायला हवं. पण अर्ल ग्रेची ओळख ज्या वासाने पटते तो बर्गामोट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतल्या तेलाचा. तेल लोण्यात मुरतं, म्हणून बिस्किटात टिकतं. चहा तिथेही नावालाच. चीनचा जाईच्या फुलांचा चहा घ्या. पत्तीवर ताजी फुलं पसरून त्यांचा वास तिच्यात उतरवलेला असतो, म्हणजे तोही उसना. यावर जाणकार जपानचा माचा पुढे करतील, आणि तो आक्षेप खरा आहे. माचा म्हणजे सावलीत वाढवलेलं चहाचं अख्खं पान दळलेलं. तो बिस्किटात घातला की चहाच घातला, त्यात लबाडी नाही. पण त्याचं बिस्किट दिसतं हिरवंगार, आणि आपल्याकडे हिरवी वडी ही कोथिंबिरीची असते. खाणारा पहिला घास सावधपणे घेतो आणि मग शेवटपर्यंत सावधच राहतो.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे: एवढा खटाटोप कशाला, साधं बिस्किट चहात बुडवा, झालं चहाच्या चवीचं! बुडवण्याच्या शास्त्राला मी कमी लेखत नाही. बिस्किट चहात किती वेळ धरावं याचं गणित मांडल्याबद्दल लेन फिशर या भौतिकशास्त्रज्ञाला १९९९ साली इग नोबेल मिळालं आहे. पिठाच्या सूक्ष्म पोकळ्यांतून चहा वर चढतो, साखर विरघळते, लोणी पातळ होतं आणि कणांना धरून ठेवणारं काहीच उरलं नाही की तुकडा कपाच्या तळाशी जातो, हे त्याहून आधी प्रत्येक मराठी बोटाला ठाऊक होतं. पण बुडवलेल्या बिस्किटाचं आयुष्य मोजून काही सेकंदांचं. ते डब्यात भरून मामाकडे नेता येत नाही. आणि पत्ती निदान तरतरीसाठी तरी घालावी म्हणाल, तर तो मुद्दा हिशेबातच मोडतो. दोन चमचे पत्तीत जेमतेम सव्वाशे मिलिग्रॅम कॅफिन, ते दोन डझन बिस्किटांत वाटलं गेलं की एका कपाची जाग यायला सात-आठ बिस्किटं लागतात, आणि सात-आठ बिस्किटांनंतर जी येते ती झोप.

तेव्हा चहाला सन्मानाने वगळावं आणि त्याच्या जागी गवती चहा घालावा. हे झाड चहाच्या नात्यागोत्यातलंही नाही. ते ऊस-ज्वारीच्या कुळातलं गवत, नुसतं आडनाव लावून आपल्या स्वयंपाकघरात शिरलेलं. पण त्याच्या वासाचं मुख्य द्रव्य, सिट्रल, तुपात मनसोक्त उतरतं, आणि बिस्किटाला एवढंच हवं असतं. दहा-बारा पाती धुऊन अगदी कोरड्या पुसायच्या, नाहीतर तुपात पाणी उतरतं. कडा धारदार असतात, म्हणून कात्री घ्यायची. दीडशे ग्रॅम तूप पातळ होईल इतपतच तापवून पाती त्यात टाकायच्या आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. झाकण उचललं की समोर चहाचा एक कणही नसताना माणूस नकळत कपबशी शोधू लागतो. मग गाळून तूप थिजू द्यायचं, परातीत सव्वाशे ग्रॅम पिठीसाखरेबरोबर तळव्याने पांढरं होईपर्यंत फेसायचं आणि त्यात पाव किलो मैदा, दोन चमचे दुधाची पावडर, वेलदोडा आणि चिमूटभर सुंठ घालायची. सुंठच, कारण ओलं आलं पिठाला पाणी सोडतं. ओव्हन असेल तर १७० अंशांवर पंधराएक मिनिटं, नसेल तर कढईत मीठ पसरून मंद आचेवर.

‘ही तर नानखटाई झाली!’ असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणणारच. झालीच आहे. पण नानखटाईतला ‘नान’ म्हणजे फारसीत पाव, आणि सुरतेपासून मुंबईपर्यंत कोणी तिच्यात पाव शोधल्याचं ऐकिवात नाही. पाव नसलेल्या वस्तूला आपण बिनदिक्कत नान म्हणतो, तर चहा नसलेलीला चहाची म्हणायला कसला संकोच? राहता राहिला प्रश्न ती कशाबरोबर खायची याचा. चहाबरोबर नको, कारण कपातलं आलं बिस्किटातल्या गवती चहाला बोलूच देत नाही. आधी बिस्किट, मग दोन घोट पाणी, मग चहा, असा क्रम ठेवावा. मधल्या वेळात कोणी ‘यात पत्ती कोणती घातलीस गं?’ असं विचारलंच, तर चटकन दुसरं बिस्किट तोंडात टाकावं.