उपक्रमराव

आमच्या मजल्यावरच्या या गृहस्थांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते फक्त कुरिअरवाले वाचतात. मरोळच्या मिलिटरी रोडवरच्या आमच्या बिल्डिंगीत त्यांना सगळे उपक्रमराव म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी रागवत नाहीत. उलट ‘बोला’ म्हणतात आणि शर्टाच्या खिशातली सहा इंची पट्टी सरळ करतात.

नोकरीने ते हिशेबनीस. सोमवार ते शुक्रवार एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या व्हाउचरांत मान घालून असतात. शनिवारी सकाळी मात्र हॉलमध्ये जुनी चादर अंथरली जाते आणि ‘चला रे मुलांनो!’ ही हाक जिन्यापर्यंत ऐकू येते. ती ऐकून त्यांची दोन मुलं ज्या चेहऱ्याने बाहेर येतात, तो चेहरा एरवी दाताच्या डॉक्टरकडच्या बाकावर दिसतो.

मुलांना मोबाइलपासून सोडवायचं असेल, तर आईबापांनी त्यांच्याबरोबर मांडी घालून बसावं आणि हातांनी काहीतरी करावं, असं उपक्रमरावांचं म्हणणं. त्यात खोट काढायला जागा नाही. फक्त ते काहीतरी कसं करायचं, हे मोबाइलवर बघावं लागतं आणि मोबाइल उपक्रमरावांच्या हातात असतो. मुलं खांद्यामागून बघतात. मधल्या जाहिराती त्यांना आवडतात.

कामाची वाटणी पक्की आहे. मापं बाबा घेणार. कापणार बाबा, कारण कटर धारदार. चिकटवणार बाबा, कारण फेव्हिकॉल सांडतो. रंगही बाबाच देणार, कारण ब्रश महागातला. मुलांनी धरायचं. ‘धर. नीट धर. हलू नकोस.’ सात वर्षांचा धाकटा या कामात इतका तयार झालाय, की दोन हातांत दोन पुठ्ठे आणि हनुवटीखाली तिसरा धरून तो पाच मिनिटं खांबासारखा उभा राहू शकतो. थोरली एका हाताने धरते आणि दुसऱ्या हाताने गोष्टीचं पुस्तक वाचते. पान उलटायची वेळ आली की धाकट्याला फुंकर मारायला सांगते.

वहिनींची अट एकच: रात्री आठला जेवणाचं टेबल रिकामं पाहिजे. ते होतं. स्वयंपाकघरातली कात्री मात्र परत येत नाही, आणि त्या घरात दुधाची पिशवी वर्षानुवर्षं सुरीच्या टोकाने फोडली जाते.

आता या माणसाने मरोळमध्ये राहावं हीही दैवाचीच योजना. इथे कच्च्या मालाला तोटा नाही. औद्योगिक वसाहतींतले गाळे संध्याकाळी बंद होताना फाटकाबाहेर जे टाकतात, त्यात पुठ्ठा, फोमच्या पट्ट्या, रेक्झिनचे तुकडे, प्लायच्या चौकटी असं सगळं असतं. तिथल्या वॉचमनांना उपक्रमराव नावानिशी ओळखतात. ऑफिसातून घरी येताना त्यांच्या एका हातात डबा आणि दुसऱ्या काखेत एखादं भलंमोठं खोकं नसेल, तर लिफ्टमध्ये लोक काळजीने विचारतात, ‘बरं नाही का?’ त्यातून फेव्हिकॉलवाल्या पिडिलाइट कंपनीचं ऑफिसही अंधेरी पूर्वेलाच. पाहुण्यांना रिक्षातून घरी आणताना ते मुद्दाम त्या बाजूने वळसा घेतात आणि ‘हे ते’ एवढंच म्हणतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून वाद पेटला असताना हे तळहातावर वाळलेल्या फेव्हिकॉलचा पापुद्रा नखाने सोडवत बसतात. तो सगळ्या रेषांसकट अखंड निघाला, की उजेडाकडे धरून बघतात आणि मग टाकीच्या बाजूने मत देतात.

गुरुस्थानी अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर, पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून याने कचऱ्यातून खेळणी कशी करायची हे लाखो पोरांना शिकवलं, आणि २०१८ साली सरकारने पद्मश्री दिली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, एवढ्यावर गुप्ता सगळी भूमिती उभी करतात. उपक्रमराव नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे व्हॉल्व्ह ट्यूब मागायला गेले तेव्हा त्याने ‘सायकल कुठंय?’ असं विचारलं, आणि मिळालेलं उत्तर ऐकून तो पंप तसाच धरून उभा राहिला. गुप्तांच्या खेळण्यांचं मर्म असं, की पोराने ते स्वतः करावं, मोडावं, पुन्हा करावं. यातलं ‘करावं’ उपक्रमरावांनी स्वतःकडे ठेवलंय. ‘मोडावं’ त्यांना मान्य नाही. तयार झालेली वस्तू शोकेसच्या सगळ्यात वरच्या फळीवर जाते. तिथे धाकट्याचा हात पोचत नाही, आणि स्टूल उपक्रमराव बेडरूममध्ये ठेवतात.

शाळेचे प्रोजेक्ट म्हणजे तर वरून परवानाच आला. मागे थोरलीला ‘आपल्या परिसरातील ऐतिहासिक वास्तू’ असा विषय मिळाला होता. तिने विचारपूर्वक सीप्झच्या आवारातलं जुनं सेंट जॉन चर्च निवडलं. १५७९ साली जेझुइट पाद्र्यांनी बांधलेलं. एकोणिसाव्या शतकात साथ आली, वस्ती हलली, चर्च मरोळला आलं, आणि मूळ वास्तूच्या नुसत्या भिंती राहिल्या. ‘पडकं आहे ना, लवकर होईल,’ असा तिचा हिशेब. हिशेबनिसाच्या पोटी जन्मूनही तो चुकला. कारण पडण्याआधी वास्तू उभी असावी लागते, हा उपक्रमरावांचा सिद्धांत. त्यांनी आधी पुठ्ठ्याचं आणि कागदाच्या लगद्याचं संपूर्ण चर्च बांधलं, छपरासकट. रविवारी रात्री साडेअकराला ते वाळलं. मग छोटी हातोडी घेऊन त्यांनी ते पद्धतशीर पाडायला घेतलं. धाकटा झोपेतून उठून आला आणि म्हणाला, ‘बाबा, पाडायला मी येऊ?’ पाडण्यालासुद्धा एक शास्त्र असतं, असं सांगून त्याला परत झोपवण्यात आलं. सोमवारी शाळेत सगळा वर्ग भोवती जमला. बाईंनी थोरलीला विचारलं, ‘यात तुझं काय?’ पोरगी खरं बोलणारी. म्हणाली, ‘आडनाव.’

पण हे सगळं चिल्लर. उपक्रमराव समजून घ्यायचे तर दिवाळी बघायला हवी.

२०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्या दिवशी आमच्या मजल्यावर पेढे वाटले गेले. पेढ्याबरोबर योजनाही. दर दिवाळीला एक किल्ला, मुलांसाठी. महाराष्ट्रातले अकरा आणि शेवटी तमिळनाडूतला जिंजी. जिंजीची पाळी येईल तेव्हा, त्या जुलैत अकरा वर्षांची असलेली थोरली बावीस वर्षांची असेल. हे तिने लगेच बोटांवर मोजलं, आणि त्या संध्याकाळी परदेशी शिक्षणाची चौकशी केली.

पहिला मान रायगडाचा. ऑक्टोबरात मेट्रो-३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. दिवाळी बारा दिवसांवर होती. मरोळ नाक्यावर जमिनीखाली उतरायचं आणि थेट सीएसएमटीला वर यायचं. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरचा मार्बल पेपर आपल्या दाराशी आणण्यासाठीच सरकारने हे बोगदे खणले, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. एवढी वर्षं खोदकाम चाललं आणि किल्ल्याला एक घमेलं माती मिळाली नाही, ही खंतही ते त्याच दमात बोलून दाखवतात.

प्रमाण एकास हजार. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर, म्हणून गॅलरीतला गड ८२ सेंटिमीटर. इथवर ठीक होतं. पण बाजारातून आणलेला मावळा तीन इंचांचा. वह्या काढून हिशेब झाला, तो मावळा शहात्तर मीटर उंचीचा निघाला! ‘असा एक मावळा असता तर औरंगजेब दिल्लीतूनच निघाला नसता,’ असं म्हणून उपक्रमरावांनी मातीची सगळी चित्रं कपाटात टाकली. शिवाजी महाराज, तोफवाला, गवळण, शिवाय गडाखालच्या जंगलातला वाघ, तोही गवळणीपेक्षा लहान. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रमाणात बसणारा मावळा १.७ मिलिमीटर भरत होता. उपक्रमराव स्वयंपाकघरात गेले आणि मोहरीचा डबा घेऊन आले. महादरवाजापासून जगदीश्वराच्या देवळापर्यंत, बाजारपेठेत, होळीच्या माळावर, नगारखान्यापाशी, चिमट्याने एकेक मावळा बसवण्यात आला. पाहायला येणाऱ्याच्या हातात ते भिंग देत.

डोंगराचा गाभा कशाचा केला, हे सांगायला हवं. २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात बंदी आली. पण आपलं हे सजावटीत मोडत नाही, हे बांधकाम आहे, असा कायद्याचा अर्थ लावून त्यांनी मरोळच्या मासळी बाजारातून बर्फाचे रिकामे खोके आणले. धुतले, उन्हात ठेवले, वर गोणपाट आणि चिखल चढवला. माणसांच्या नाकाला काही जाणवत नव्हतं.

वसुबारसेच्या रात्री गडाला वेढा पडला. पहिलं मांजर टकमक टोकावर दिसलं. ते टोक कडेलोटासाठी प्रसिद्ध. मांजर मात्र तिथे निवांत पंजा चाटत होतं. दुसरं गंगासागर तलावातून, म्हणजे वहिनींच्या फेसपॅकच्या झाकणातून, पाणी पीत होतं. तिसरं सरळ कड्यावरून चढून आलं, आणि नेमकं तिथूनच जिथून हिरकणी बाळासाठी खाली उतरल्याचं सांगतात. बाई उतरली तर शत्रू चढेल म्हणून महाराजांनी तिथे बुरूज बांधवला, ही कथा उपक्रमरावांनी त्या क्षणी, बनियनवर, हातात झाडू धरून, अर्ध्या झोपेतल्या मुलांना सांगितली. मग रात्री एक वाजेपर्यंत त्यांनी हिरकणी बुरूज पुन्हा बांधला. मुलांनी बॅटरी धरली. मला विचाराल, तर इतिहास इतका चांगला शिकवलेला मी कुठे पाहिला नाही. शिकवणाऱ्याचा तो हेतू नव्हता, ही वेगळी गोष्ट.

कड्यांवर हिरवळ यावी म्हणून अळीव पेरला होता. त्यावर रोज सकाळी पाण्याचा फवारा. नरक चतुर्दशीच्या पहाटे, अंगाला उटणं लागलेल्या अवस्थेत, धाकटा गॅलरीत गेला आणि तिथूनच ओरडला :

‘बाबा, मावळे उगवले!’

खरंच उगवले होते. होळीच्या माळावर, बाजारपेठेत, दरवाजात, सगळीकडे दोन-दोन पानांचे कोवळे मावळे. उपक्रमराव पट्टी घेऊन वाकले. एकास हजारच्या हिशेबाने प्रत्येक जण पंधरा-वीस मीटरचा झाला होता आणि अजून वाढत होता. त्यांना घाम फुटला. तेवढ्यात धाकट्याने आतून तो तीन इंची मावळा आणून त्या हिरवळीत उभा केला, मागोमाग महाराज, तोफवाला आणि वाघ; आणि सगळ्यांच्या मागे, गडाची राखण करायला, एक प्लॅस्टिकचा डायनोसोर. उपक्रमराव काही बोलले नाहीत. भिंग फक्त परत पेटीत ठेवलं. फराळाला आलेली बिल्डिंगीतली झाडून सारी पोरं मग त्या गॅलरीत दाटीवाटीने बसली. महादरवाजाचं एक कवाड निखळलं. सेक्रेटरींनी किल्ल्याचा फोटो नोटीस बोर्डावर लावला. डायनोसोर त्यात मधोमध आला.

डिसेंबरात समोरच्या ईस्ट इंडियन आंटींनी नाताळचा गोठा करायला मदत मागितली. त्याला आता चार बुरूज आणि एक चोरदरवाजा आहे. बाळ येशू इतका सुरक्षित याआधी कधी नव्हता, असं आंटींचे मिस्टर म्हणतात.

यंदा सिंधुदुर्ग. चहूबाजूंनी पाणी, म्हणून खालच्या मजल्यावरच्यांनी आधीच लेखी हरकत नोंदवलीय. उपक्रमरावांची खरी अडचण वेगळीच आहे. थोरलीला शनिवारी बॅडमिंटन लागलं, धाकट्याला मित्र मिळाले. परवा ते आमच्याकडे आले, जुनी फिशटँक आहे का विचारलं, आणि चहा संपत आला तेव्हा हळूच म्हणाले, ‘दिवाळीत तुमच्याकडे सात-आठ वर्षांचं कोणी येणार आहे का हो?’

वहिनी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘किल्ला तुम्हीच करणार ना? मग मूल कशाला हवंय?’

‘म्हणजे? मुलांशिवाय किल्ला केला, तर लोक काय म्हणतील?’

माझा भाचा सुट्टीत आलाच होता. त्याला पाठवला. दुपारी एकला जेवायला परत आला, कोपरापर्यंत पांढरा.

‘काय केलंस रे?’

‘धरलं.’

‘काय धरलंस?’

‘ते नाही सांगितलं. हलू नको म्हणाले.’ आणि ताटावर बसताना त्याने विचारलं, ‘जेवण झाल्यावर परत जाऊ?’