सूर्यफुलं आडवी का झाली?

अगं ऐकलंस का, कोपऱ्यावरच्यांची सूर्यफुलं कालच्या वाऱ्यात सगळीच्या सगळी आडवी! सकाळपासून दोघं नवराबायको सुतळ्या घेऊन त्यांना कुंपणाला बांधत बसलेत. व्हायचंच होतं. आंब्याच्या सावलीत लावली होती ना! सूर्यफुलाला दिवसाचं सहा-आठ तास ऊन नको का? सावलीत ते उजेड शोधत नुसतं वर जातं, खोड आपलं काडीसारखं. वर तिनं मूठमूठ युरिया घातला. “बघा काकू, पानं कशी हिरवीगार!” म्हणून मला मुद्दाम बोलावून दाखवली. मी गप्प बसले. लाडानं पोर बिघडतं, तिथं रोपाचं काय.

आमच्या माहेरी, औशाकडं, शेतातल्या सूर्यफुलाला कुणी काठ्या लावल्यात का कधी? आता तिकडं बघावं तिथं सोयाबीन, पण तेव्हा अण्णा सूर्यफूल घ्यायचे. हे तेलाचं बियाणं रशियातून आलं, 1969 साली. अण्णा बी थेट जमिनीत टोबायचे, इंच-दीड इंच खोल. याला सोटमूळ असतं. पिशवीत रोप वाढवून मग उपटून लावलं की ते दुखावतं.

आणि विरळणी! ती मात्र करायचीच. दोन रोपांत फूटभर अंतर. उगवलेलं रोप उपटायला तुझा हात धजणार नाही, मला माहितीय, पण मग सगळीच किडकिडीत राहतात. गुडघ्याएवढी झाली की खुरप्यानं बुडाला मातीची भर दे. पाणी रोज रोज शिंपडू नकोस, वरची माती सुकली की एकदम भरपूर दे, म्हणजे मूळ खाली जातं. शेणखत पेरायच्या आधीच मिसळ, युरियाचं नाव काढू नकोस. आणि पुडीवरचं ते दहा फुटी फूल बघून भुलू नकोस हां, बुटकी जात घे.

एक गंमत सांगते. कळी दिवसभर सूर्यामागं फिरते, पण फूल पुरतं उमललं की पूर्वेला तोंड करून थांबतं. म्हणजे तू ती या आपल्या भिंतीलगत लावलीस, तर पाणी तू घालणार आणि तोंडं माझ्या अंगणाकडं! तुला बघायची असतील तर पलीकडं, पश्चिमेच्या बाजूला लावावी लागतील.

पण मला विचारशील तर इथंच लाव. दाणे भरले की पोपट उतरतात, ते मी हाकलीन.