मुदत संपलेलं गुणसूत्र

आमच्या चिरंजिवांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं आहेत. एकविसाव्या जोडीला एक जादा. ते जन्माआधीपासून आहे आणि कुठेही जाणार नाही, हे आम्ही कधीच पचवलं. दिव्यांगत्वाच्या दाखल्याला मात्र अजून आशा आहे. त्याची मुदत संपते, आणि मधल्या काळात ते गुणसूत्र गळून पडलेलं नाही, हे दाखवायला आम्ही पुन्हा रांगेत.

"काही फरक?" खिडकीतल्या साहेबांनी विचारलं.

"हो तर! बुटाची लेस बांधतो आता." बोलले आणि जीभ चावली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के दिव्यांगत्वाची रेघ आहे. पोर तिच्याखाली घसरलं की बऱ्याच सवलती गेल्या. "म्हणजे... एकाच बुटाची," मी घाईघाईने सावरलं. टक्के दहावीच्या आयांनाही हवे असतात, फक्त आमच्याकडे पोराला जितकं कमी येईल तितके जास्त.

मागच्या काकूंनी ब्राह्मी सुचवली. वर, "देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो हो!" खास आईबाप सकाळी सातपासून उभे होते. दिव्यांग कक्ष दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद.

तेवढ्यात चिरंजिवांनी खिडकीतून हात घालून शिक्का उचलला, पॅडवर नीट दाबला आणि आपल्याच तळहातावर ठोकला : 'पडताळले'. साहेब ओरडले.

तीन दिवस त्याने तो हात धुऊ दिला नाही.