डॉलर लावू की हॅश?

जावाच्या जेएसपी पानावर ग्राहकाचं नुसतं नाव दाखवायचं, तरी आधी चिन्हाचा मुहूर्त काढावा लागतो. २००३च्या जेएसपी २.० ने '${}' रुजवलं; पुढच्याच वर्षी जावाचंच जेएसएफ फ्रेमवर्क '#{}' घेऊन आलं. एका घरात दोन चुली!

२००६ साली जेएसपी २.१ ने समेट घडवला, म्हणजे दोन्ही चिन्हं ठेवली. डॉलर लगेच मूल्य काढतो, हॅश सवडीने. हॅश साध्या मजकुरात लिहिला तर पान थेट एरर देतं.

जावाच्याच स्ट्रट्स-२ या फ्रेमवर्कची तिसरीच तऱ्हा: '%{}' आणि आत ओजीएनएल, थेट जावाच्या मेथड चालवणारी भाषा. २०१७ साली हल्लेखोरांनी तीच रिक्वेस्टच्या हेडरमधून पाठवली आणि स्ट्रट्स-२ वापरणाऱ्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती लांबवली. त्यांचं चिन्ह मात्र चुकलं नाही.