व्हायोलिनच्या खुंट्या पिळण्यापूर्वी

गिटारवाल्या मित्राने सहा तारा ‘डॅडगॅड’ लावल्या, एकदा हात फिरवला आणि गच्ची भारून टाकली. ते पाहून तुम्हालाही व्हायोलिनच्या खुंट्या पिळायची हुक्की आली असेल, तर जरा थांबा. तुमच्या हातात गज आहे. घोडी गोलसर असल्याने तो एका वेळी एक, फार तर दोन तारांवर टेकतो. सहा तारांचा झणकार विसरा. आपण तारा बदलायच्या त्या मोकळ्या तारांनी षड्ज-पंचम धरून घुमत राहावं म्हणून.

पायरी पहिली: बैठक कुणाची, ते विचारा. हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या त्यागराय गानसभेत कर्नाटक पद्धतीने साथीला बसायचं, तर सा-प-सा-प. दुकानातून येतं ते व्हायोलिन जी-डी-ए-ई. त्यातल्या पातळ दोन तारा, ए आणि ई, एकेक पूर्ण स्वर उतरवा. जी-डी-जी-डी झालं, पांढरी पाचचा सा तयार. गायकाचा सा वेगळा निघाला (निघतोच), की चारही तारा त्याच्यामागे न्या. मोबदला मात्र छान: खालच्या दोन तारांवर बसवलेली सरगम, बोटं तीच ठेवून, वरच्या दोन तारांवर एक सप्तक वर वाजते.

पंडित जसराजांनी सुरू केलेल्या मोतीराम-मणिराम समारोहात हिंदुस्थानी ऐकून आला असाल, तर आळशांची सोय आहे. काहीच करू नका. डीला सा म्हणा. म-सा-प-रे आपोआप होतं. प-सा-प-सा हवं असेल तर ई उतरवून डी आणि जीची ए करावी लागेल. म्हणजे तार चढवायची. नवशिक्याने शक्यतो उतरवावी, चढवताना तुटते.

पायरी दुसरी, खुंटी. गिटारला दातेरी चक्रं असतात. इथे नुसतं निमुळतं लाकूड, घर्षणावर अडकलेलं. पिळताना आत दाबा. मे महिन्यात हैदराबादच्या कोरड्या हवेत ती सर्रकन सुटते, तेव्हा खडू लावा. पावसाळ्यात तीच फुगून हटून बसते, तेव्हा साबण.

पायरी तिसरी: पडदे शोधू नका, नाहीत. गिटारवर पडद्यांमुळे चुकीचा स्वरसुद्धा सुरात लागतो, इथे सूर कानानेच शोधायचा.

एवढं जमलं म्हणून सारंगीला हात घालू नका. मुख्य तारा तीन, तातीच्या. त्यांखाली पस्तीसेक तरफा, आणि राग बदलला की त्या पुन्हा जुळवा. १९६८ साली हैदराबादेतच निवर्तलेले उस्ताद बडे गुलाम अली खाँ तरुणपणी सारंगी वाजवत, गाजले ते गायक म्हणून. कारण त्यांनाच ठाऊक. तरफांच्या खुंट्या मोजल्यावर माझाही एक अंदाज आहे.