नियमावली वाचली का?

‘नव्या योगदानकर्त्यांचं मनापासून स्वागत! पहिली पायरी : पायथन २.७ टाकून घ्या.’

एका ओपन सोर्स प्रकल्पाच्या दारावरची ही पाटी परवा पुन्हा दिसली. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला बंद झाला, हे जगाला ठाऊक आहे. प्रकल्पालाही ठाऊक आहे, कारण त्याचा सगळा कोड कधीच पायथन ३ वर गेलाय. ठाऊक नाही ते फक्त ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाच्या नियमावलीच्या फाइलला.

ही पायरी इमानाने चढलात, तर पुढे काहीच चालत नाही. २.७ वर हा प्रकल्प पहिल्याच इम्पोर्टला मान टाकतो. म्हणजे नियम पाळणाऱ्याला योगदान देता येत नाही आणि ज्याने ते दिलंय त्याने नियम पाळलेले नाहीत. प्रकल्पातले झाडून सगळे मान्यवर असेच आत आलेले. आणि नवखा काही विचारायला गेला की हेच एका सुरात म्हणणार, ‘नियमावली वाचली का?’ वाचली, म्हणून तर अडलाय बिचारा!

समजा, नांदेडच्या होस्टेलवरच्या एखाद्या पोरीला वाटलं, कोडचं नंतर बघू, आधी हा आकडा तरी बदलू. दोन खोडायचा, तीन लिहायचा. तिने पुल रिक्वेस्ट टाकली. बॉट तत्परतेने हजर : कमिटची पहिली ओळ ५० अक्षरांच्या वर गेली. तिने ओळ कापली. बॉट : बदलासोबत टेस्ट जोडलेली नाही. एका आकड्याची टेस्ट कशी लिहितात, हे नियमावलीत नाही. बॉट : आधी इश्यू उघडा, मग पुल रिक्वेस्ट. ती इश्यू उघडायला गेली, तर फॉर्म विचारतो, तुमची पायथन आवृत्ती कोणती, २.६ की २.७? तिसरा पर्याय नाही. रकाना सक्तीचा. तिने खोटंच २.७ निवडलं, ओपन सोर्समधलं तिचं पहिलं योगदान ते हेच. मग एक मेंटेनर उगवले. बदल स्तुत्य आहे म्हणाले, पण अख्खी नियमावली नव्याने लिहायचं घाटतंय, तोवर असे सुटे बदल नकोत. पायथन २ जिवंत होतं तेव्हापासून हे घाटतंय. ६० दिवसांनी बॉट परत आला आणि ‘हालचाल नाही’ म्हणून रिक्वेस्ट बंद करून गेला. त्या प्रकल्पात कामावर वेळेत येणारा तो एकटाच.

‘आम्ही फुकट राबतो, वेळ कुठून आणणार?’ मान्य. रात्री जागून परक्यांचे बग काढणाऱ्या माणसाला मी बोल लावणार नाही. पण याच फाइलमध्ये, एआयकडून लिहून घेतलेला कोड पाठवू नका, असे तीन परिच्छेद ठळक अक्षरांत आले ना? ना इश्यू, ना टेस्ट, तासाभरात मर्ज! तेव्हा बरा मिळाला वेळ. फाइलचा इतिहास उघडून बघा : प्रत्येक नवी ओळ म्हणजे कुणातरी जुन्याला झालेला मनस्ताप. नव्याचा मनस्ताप तिथवर पोहोचतच नाही. चूक दिसते नव्याला, दुरुस्त करायचा अधिकार जुन्याला. आणि नवी मुलगी जुनी होईपर्यंत तिला कुणीतरी कानात सांगून टाकलेलं असतं, ‘ते सोड गं, सरळ मेक डेव्ह मार.’ दोन शब्दांची कमांड! फाइलमध्ये हे दोन शब्द लिहायला कुणाच्या बापाचं काय जातं? ते लिहायचे नाहीत आणि वर दर परिषदेत गळा काढायचा, की हल्लीची पोरं टिकत नाहीत. कशी टिकतील? दाराची किल्ली तुम्ही खिशात घालून हिंडताय!

वर्षातून एकदा प्रत्येक मेंटेनरला कोऱ्या लॅपटॉपसमोर बसवावं आणि स्वतःचीच नियमावली ओळीने पाळायला लावावी. कानात सांगायला कुणी नाही, मेक डेव्ह नाही. पहिली पायरी ओलांडेपर्यंत जेवण नाही.